अस्तर

दहा दिवस उरलेत, आणि सहा हजार चारशे सोम.
वहीच्या मागच्या पानावर, जिथे आम्ही
बाह्यांची मापं टिपतो, तिथेच सालकिननं रेघ ओढली:
रात्रीची मारश्रुत्का, बिश्केक ते काराकोल, दोघींची.
तंबू भाड्यानं, तीन रात्री.
गॅसची कुपी एक.
एकच? एकच.
पाव, कुरुताचे खारट गोळे, चहा, साखर.
बेरीज करताना ती हातचा धरायला विसरली,
म्हणून पाच मिनिटं आम्ही श्रीमंत होतो.

कारखान्यात बारा मशिनी.
आम्ही थंडीची जाकिटं शिवतो, त्यांच्या छातीवर
पांढऱ्या धाग्यात एक शिखर असतं.
दिवसाला चाळीस शिखरं शिवते मी.
एकालाही शिवलेली नाही.
खरं दिसतं ते मोरीच्या खिडकीतून,
स्टुलावर चढून,
तेही शहरावर धूर नसेल त्या दिवशी.
बत्तिसावं लागलं मला. पायथ्याशी जन्मले
आणि जिना सोडून कशावर चढले नाही.

सालकिनच्या मामाला फोन लावला.
दोरोनबेकमामा दर उन्हाळ्यात मेंढ्यांमागे
ती खिंड रबरी गलोशांत ओलांडतो.
बूट कसले घेऊ?
सुके.
वर पोचायला किती वेळ लागतो?
मेंढीला चार तास.
मग बराच वेळ फोनमधून नुसता वारा.
मग म्हणाला, डोकं ठणकायला लागलं की खाली या.
लाजेपायी वर राहिलेल्यांना आणायला
घोडा घेऊन मलाच जावं लागतं.

झोपायच्या पिशव्यांचं भाडं ऐकून
आम्ही फोन हळूच ठेवून दिला, जणू तो तापला होता.
राया-एझेनं अस्तराचा एक तागा काढून दिला,
रंग फुटलेला, जांभळ्यावर पिवळे ओघळ,
न्या, म्हणाली, गिऱ्हाईक नको म्हणालं याला.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
आम्ही पाय पाहून अंथरूण बेतलं:
कापड जमिनीवर, कापडावर सालकिन,
आणि मी तिच्याभोवती खडूनं रेघ मारत गेले,
कान, खांदा, कोपर, टाच.
ती उठली. खाली रेघ उरली, माणसाच्या आकाराची.
दोघी एकदम गप्प.
मग ती म्हणाली, खांद्याशी दोन बोटं सैल ठेव,
मी कुशीवर झोपते.

सराव फुकट आहे. आमची इमारत नऊ मजली,
लिफ्ट तीन वर्षं बंद.
पाठीवर दहा-दहा किलो पीठ घेऊन
रोज रात्री चारदा वर, चारदा खाली.
सहाव्या मजल्यावरची लिदिया आर्काद्येव्ना
साखळी न काढता दार उघडते:
घरातून काढलं का गं तुम्हाला?
नाही, डोंगरावर चाललोय.
पिठासकट?
सालकिन पायरीवर बसून इतकी हसली
की तिचा श्वास संपला, आणि तेव्हा पहिल्यांदा
मला खिंडीची भीती वाटली. हे तर सहाव्या मजल्यावर.

सालकिनच्या आईला सांगितलंय, काराकोलला लग्न आहे.
कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही.

सगळं वजा करून उरले एकशे नव्वद.
त्यात एकतर चाकू येतो,
नाहीतर पलीकडे उतरल्यावर
आल्तिन अराशानच्या गरम पाण्यात अर्धा तास.
सालकिननं विचारही केला नाही,
चाकूवर काट मारली.

काल रात्री ती झोपल्यावर
परतीचं भाडं मी माझ्या जाकिटाच्या अस्तरात शिवलं,
बारीक, दुहेरी टाक्यानं.
सहज हात घातला तर लागणार नाही.
काढायचं म्हटलं तर कुठेतरी बसावं लागेल,
हातमोजे उतरवावे लागतील,
दातांनी एकेक टाका उसवावा लागेल.
चाकू तर आम्ही खोडलाय.